मॉर्टल: मरणारा की मारणारा?

प्रश्न असा आला आहे: ‘मियर मॉर्टल्स’ म्हणजे मरणारी माणसं, पण ‘मॉर्टल वूंड’ म्हणजे जीव घेणारी जखम. मग मॉर्टल म्हणजे मरणारा की मारणारा? आणि मॉर्टॅलिटीला सरसकट मृत्युदर म्हणावं का?

पहिल्याचं उत्तर: दोन्ही, पण मरणारा हा अर्थ थोरला. लॅटिनमध्ये ‘मोर्स’ म्हणजे मरण आणि ‘मोर्तालिस’ म्हणजे मरणाच्या ताब्यातला. जीवघेण्या गोष्टीसाठी लॅटिनकडे ‘मोर्तिफेर’, म्हणजे मरण आणणारा, असा वेगळा शब्द होता. पुढे चर्चच्या लॅटिनमध्ये आत्म्याचा घात करणाऱ्या पापाला ‘पेक्कातुम मोर्ताले’ म्हणू लागले आणि मारण्याचा अर्थ पक्का झाला. फ्रेंचमार्गे हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत पोचला तो दोन्ही अर्थ घेऊनच. माणसाला लावला तर मरणारा. जखमेला, पापाला, शत्रूला लावला तर मारणारा. मराठीत मरणे आणि मारणे यांच्यात एका कान्याचा फरक आहे, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. ‘मॉर्टल एनिमी’चं भाषांतर ‘मर्त्य शत्रू’ असं छापलेलं मी पाहिलं आहे. मर्त्य तर सगळेच शत्रू असतात. इथे हाडवैरी हवा, किंवा जिवावर उठलेला.

आणखी एक वापर आहे. ‘मॉर्टल कोल्ड’, ‘मॉर्टल हरी’ यांत ना कोणी मरतं, ना कोणी मारतं. हे समजावायला कोश उघडायची गरज नाही. आपण मरणाची थंडी म्हणतो, मरणाचा उकाडा म्हणतो, मरणाची घाई म्हणतो. तेच ते. ‘मॉर्टिफाइड’ म्हणजे लाजेने मेल्याहून मेलेला, आणि तिथेही मराठी वाक्प्रचार आधीच तयार आहे.

आता मॉर्टॅलिटी. इथे मात्र मला राग आवरत नाही. मॉर्टॅलिटी आणि फॅटॅलिटी या दोन्हींना बातम्यांत डोळे झाकून ‘मृत्युदर’ लिहितात. समजा, दहा हजार वस्तीच्या गावात वर्षभरात शंभर जणांना एक रोग झाला आणि त्यातले पाच दगावले. त्या रोगाची मॉर्टॅलिटी दहा हजारांत पाच, म्हणजे हजारी अर्धा. फॅटॅलिटी शंभरांत पाच, म्हणजे ५ टक्के. एकीचा भाजक अख्खं गाव, दुसरीचा फक्त आजारी माणसं. दोन्ही आकड्यांना एकच नाव दिलं की वाचणारा विनाकारण घाबरतो, नाहीतर विनाकारण निश्चिंत होतो. पहिल्याला मृत्युदर म्हणा आणि दुसऱ्याला बाधितांमधील मृत्यूंचं प्रमाण. लांब आहे, पण खरं आहे. मॉर्बिडिटी तर रोगटपणाची मोजणी. तिचा मोर्सशी काही संबंध नाही, ती ‘मोर्बुस’ म्हणजे रोग यावरून आली. मॉर्टॅलिटीचा मोजणीचा अर्थ जुना आहे. जॉन ग्रांटने १६६२ साली लंडनच्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या तपासून पुस्तक लिहिलं, त्या याद्यांचं नावच ‘बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी’ होतं. आणि कृपा करून ‘मृत्यूदर’ लिहू नका. एकटा असताना मृत्यू दीर्घ, समासात पुढे दुसरा शब्द आला की ऱ्हस्व: मृत्युदर, मृत्युपत्र, मृत्युंजय.

हे झालं व्यवहारापुरतं. या शब्दातली खरी गंमत पुढेच आहे.

मॉर्टल म्हणजे मर्त्य, हे बहुतेकांना माहीत असतं. मृत, मृत्यू, मरण, अमर, अमृत हे सगळं ‘मृ’ धातूचं घर आणि लॅटिन मोर्स त्यातलंच. पण आपल्या तोंडात रोज असलेला एक शब्द या घरातला आहे हे कोणी सांगत नाही. तो शब्द म्हणजे मर्द.

इराणात पर्सेपोलिस या जुन्या राजधानीजवळ नक्श-ए-रुस्तम इथे कड्यात इराणी सम्राट पहिला दारयवौश, म्हणजे इंग्रजीतला डरायस, याचं थडगं कोरलेलं आहे. त्याचं राज्य इसवी सनापूर्वी ५२२ ते ४८६. थडग्यावरच्या जुन्या फारसीतल्या लेखाची सुरुवात देवाच्या स्तुतीने होते: ज्याने ‘इमाम् बूमिम्’ केली, ज्याने ‘अवम् अस्मानम्’ केलं, ज्याने ‘मर्तियम्’ केला. मोठ्याने वाचून पाहा. इमाम् बूमिम् म्हणजे ही भूमी. अस्मानम् म्हणजे आपलं अस्मान. आणि मर्तियम् म्हणजे माणूस. पुढे लगेच ‘मर्तियह्या’ येतं, माणसाचं या अर्थी. तेच संस्कृतात मर्त्यस्य. पृथ्वी आणि आकाश यांच्या जोडीला उभा केलेला माणूस ‘मरणारा’ या नावाने ओळखला जातो आहे. अमरकोशातही माणसाचे पर्याय देताना मनुष्य, मानुष यांच्या पाठोपाठ मर्त्य येतो. ज्याला मरण नाही तो देव, ज्याला आहे तो माणूस, एवढी साधी वाटणी दोन्हीकडे आहे.

हाच मर्तिय पुढच्या फारसीत ‘मर्द’ झाला. र नंतरच्या त चा द होणं हा तिथला नियम आहे, अपवाद नव्हे. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला ‘सरेत’, म्हणजे थंड, पुढे सर्द झाला. आपली सर्दी तिथलीच. अवेस्तातला ‘झइरित’, म्हणजे पिवळा, संस्कृत हरितचा भाऊ, पुढे झर्द झाला. पिवळाजर्द मधला जर्द तो. तीन शब्द, एकच वाट. एवढा पुरावा समोर असताना ‘शत्रूचं मर्दन करतो तो मर्द’ ही व्युत्पत्ती भाषणांतून अजून ऐकू येते, आणि शहाणीसुरती माणसं ती लिहितातही. ती चूक आहे. मर्दन ‘मृद्’ धातूचं. त्यातला द मुळापासूनचा. मर्दमधला द मुळात त आहे आणि तो कोरलेल्या दगडावर वाचता येतो. उच्चार जुळला म्हणून नातं लावायचं असेल तर मग कोणाचंही कोणाशी लागेल. ‘मर्दाला मरणाची भीती नसते’ असं कोणी गर्जून म्हणालं की मला सांगावंसं वाटतं, बाबा रे, मर्द शब्दाचा अर्थच मरणारा आहे.

त्याच फारसीतून आपल्याकडे ‘मुर्दा’ आला आणि त्याचा मुडदा झाला. संस्कृत मृतचाच तो इराणी भाऊ. म्हणजे ‘मुडदा बसो मेल्याचा’ या एका शिवीत एकच धातू दोन वाटांनी येऊन बसला आहे: मेल्या घरचा, मुडदा परतून आलेला.

जुन्या ग्रीकमध्ये मर्त्याला ‘ब्रोतोस’ म्हणत. यात म कुठे गेला असं विचारणाऱ्यांनी आंब्याकडे पाहावं. आम्रचा आंबा झाला, ताम्रचं तांबं झालं. म आणि र एकत्र आले की मध्ये ब उगवतो. ग्रीकमध्येही तो उगवला, आणि शब्दाच्या सुरुवातीला असला तर म गळून पडला. पण नकाराचा ‘अ’ पुढे असला की म टिकतो: ‘आम्ब्रोतोस’, अमर. त्यावरून देवांचं अन्न ‘आम्ब्रोसिया’. हे आपलं अमृत, अक्षरशः.

नकाराच्या या एका ‘अ’वर किती अवलंबून असतं ते इराणच्या सौर पंचांगात दिसतं. पाचव्या महिन्याचं जुनं नाव अवेस्तातल्या ‘अमेरेतात्’, म्हणजे अमरत्व, यावरून आलं. बोलता बोलता आरंभीचा अ गळला आणि महिना ‘मोर्दाद’ झाला. अर्थ पार उलटा. ‘अमोर्दाद’ म्हणा असा आग्रह धरणारे तिथे आहेत, आणि मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा. पारशी पंचांगात तो महिना अजून अमरदादच आहे.

या धातूचा सगळ्यात जुना अर्थ मरणे नसावा, असं माझं मत आहे. आजच्या तुर्कस्तानात प्राचीन काळी बोलल्या जाणाऱ्या हित्ती भाषेत याच धातूचा ‘मेर’ म्हणजे नाहीसा होणे, दिसेनासा होणे. काही अभ्यासक हित्तीतला अर्थ नंतर बदललेला मानतात. मला ते उलटं वाटतं. मरणाचं नाव थेट घ्यायला माणूस कचरतो. आपणही ‘गेले’ म्हणतो आणि समोरच्याला कुठे असं विचारावं लागत नाही. तसंच कधीकाळी कोणीतरी ‘दिसेनासा झाला’ म्हटलं असेल, आणि हजारो वर्षांच्या वापराने तो आडपडदाच मूळ शब्द होऊन बसला असेल. इंग्रजीतला मर्डरही याच धातूचा, पण तिथे आडपडदा उरलेला नाही.

कोशांत मर्दपुढे ‘फारसी’ एवढंच लिहून थांबतात. ते खोटं नाही. पण त्याच ओळीत ‘मर्त्य पाहा’ असं लिहायला हवं, आणि मर्त्यपुढे ‘मर्द पाहा’ असं.