मुरमांसाठी दुकानातलं जेल पुरेसं आहे की डॉक्टरांची चिठ्ठी लागेल?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वय २४, वर्षभर मुरमं येतायत, पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त. तीन फेसवॉश बदलून झाले. ५ टक्क्यांचं बेन्झॉइल पेरॉक्साइड जेल तीन आठवडे लावलं, चेहरा सोलून निघाला म्हणून सोडलं. हनुवटीखाली दोन गाठी आहेत, हात लागला तरी दुखतात. आता १० टक्क्यांचं जेल आणावं की डॉक्टरांकडे जावं?

१० टक्क्यांचं आणू नका. आणि त्या दोन गाठींसाठी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ आजच घ्या.

मी फार्मासिस्ट आहे, बारा वर्षं काउंटरमागे उभा राहतोय. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझ्या डाव्या जबड्याच्या कडेला चार खड्डे आहेत. विशीत तिथे तुमच्यासारख्याच गाठी यायच्या आणि मी दोन वर्षं एका जेलवरून दुसऱ्यावर जात राहिलो. वरून लावलेलं औषध एकटं त्या गाठींना पुरत नाही, आणि प्रत्येक गाठ जाताना खाली व्रण ठेवून जाऊ शकते, हे मला कुणी सांगितलंच नाही. तुमचा प्रश्न वाचल्यावर म्हणूनच लगेच लिहायला बसलो.

बहुतेक जण दुकानात सहज मिळतं ते सौम्य आणि चिठ्ठीवर मिळतं ते कडक असं धरून चालतात. तसं नसतं. अ‍ॅडापलीन या मुरमांवरच्या औषधाचं ०.१ टक्क्याचं जेल अमेरिकेत २०१६ पर्यंत चिठ्ठीशिवाय मिळत नव्हतं. त्या वर्षी जुलैत तिथल्या औषध प्रशासनाने ते खुलं केलं. जेल तेच, टक्का तोच, फक्त नियम बदलला. कित्येक देशांत त्याला आजही चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागते ती मुख्यतः त्या औषधावर कुणाची तरी देखरेख हवी असते म्हणून. त्यामुळे कोणतं औषध कडक हे शोधत बसण्यापेक्षा चेहऱ्यावर नेमकं काय आहे ते आधी बघा.

हात स्वच्छ धुवा, डोळे मिटा आणि एक बोट कपाळापासून जबड्यापर्यंत हलकेच फिरवा. वाळूच्या बारीक कणांसारखं खरखरीत लागतं ते ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स, म्हणजे तेलाने आणि मेलेल्या पेशींनी बुजलेली छिद्रं. वर उठलेली, लाल, कधी पिवळ्या टोकाची ती साधी पुटकुळी. आणि जिला टोकच नाही, जी वरून धड दिसत नाही पण बोटाखाली कातडीच्या आत टणक लागते, दुखते, आठवडे उलटले तरी बसत नाही, ती गाठ. पहिल्या दोन प्रकारांत दुकानातल्या औषधांना सरळ संधी द्यावी. तिसऱ्यात आणि कुठेही खड्डा पडायला लागला असेल तर, वाट बघू नये.

आता तुमच्या जेलबद्दल. ते औषध चांगलंच आहे. मुरमांतल्या जंतूंना मारतं आणि जंतू त्याला सरावत नाहीत, जे अँटिबायोटिकबद्दल म्हणता येत नाही. फसलं ते प्रमाण आणि घाई. २.५ टक्के आणि १० टक्के यांची तुलना करून बघितलेली आहे. लाल पुटकुळ्यांवर परिणाम जवळपास सारखाच आणि आग, सोलणं मात्र १० टक्क्यांत जास्त. म्हणून चेहरा शांत झाल्यावर २.५ टक्क्यांपासून पुन्हा सुरू करा. आधी तीन दिवस जबड्याखाली छोट्याशा जागी लावून बघा. सूज, अंगावर गांधी, श्वासाला त्रास असं काही झालं तर लगेच थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या, अशी अ‍ॅलर्जी विरळा असली तरी गंभीर असते. काही झालं नाही तर दिवसाआड, वाटाण्याएवढं, पूर्ण भागावर पातळ. एकेका पुटकुळीवर ठिपके देत बसू नका, कारण उद्याची पुटकुळी आज न दिसणाऱ्या जागी तयार होत असते. वर साधं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर. आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवा. माझ्या गडद निळ्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा नारिंगी डाग पडला होता, तो शेवटपर्यंत गेला नाही. हे औषध कापडाचा रंग उडवतं.

छिद्रं बुजण्याचाच त्रास जास्त असेल तर ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड किंवा रात्री अ‍ॅडापलीन. दोन्हींत मला अ‍ॅडापलीनवर जास्त भरवसा आहे, ते छिद्र बुजणंच रोखतं. पण गर्भारपणात किंवा तसा विचार असताना ते वापरत नाहीत. आणि सगळं एकाच दिवशी सुरू करू नका, म्हणजे चेहरा कशाने चिडला ते कळेल.

तीन आठवड्यांत मात्र कुठल्याच औषधाची परीक्षा होत नाही. पुटकुळी वर दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी ती छिद्रात सुरू झालेली असते. आज लावलेलं औषध पुढच्या महिन्यातल्या मुरमांवर काम करतं. आठ ते बारा आठवडे नेमाने वापरून फरक पडला नाही तर ते औषध तुमच्यासाठी पुरेसं नाही असं म्हणता येतं. काउंटरवर सगळ्यात जास्त वाईट मला याचंच वाटतं: योग्य औषध घेऊन गेलेली माणसं महिन्याच्या आत दुसरं मागायला येतात.

चिठ्ठीवरच्या औषधांत पहिलं बहुतेकांना माहीत असतं ते क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकचं जेल. लोक रिकामी ट्यूब दाखवून तेच पुन्हा मागतात. पण ते एकटं महिनोन्महिने लावलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून जाणकार डॉक्टर सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्यांचंही तेच. त्या साधारण तीन-चार महिन्यांपुरत्याच असतात. भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या आणि लगेच आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. उन्हाने कातडीही लवकर भाजते. त्या उरलेल्या गोळ्या वर्षभराने आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका, दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

तुमच्याबाबतीत मला आणखी एक गोष्ट दिसते. पाळीच्या आधी वाढणारी, जबडा-हनुवटीवरची मुरमं म्हटलं की हार्मोन्सचा विचार करावा लागतो. पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर किंवा पोटावर राठ केस वाढलेत का, हे डॉक्टरांना न विचारता सांगा. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा बिघाड, असेल तर ते तपासता येतं. अशा वेळी काही गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन नावाचं औषध देतात. दुकानात याला पर्यायच नाही. दहा ट्यूब लावल्या तरी त्या हार्मोन्सपर्यंत जात नाहीत.

आणि आयसोट्रेटिनॉइन, हे पोटात घ्यायचं औषध. १९८२ पासून वापरात आहे आणि गाठी, खड्डे पाडणाऱ्या मुरमांवर याच्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. तेलग्रंथी आकसतात, छिद्रं बुजत नाहीत, जंतूंना खाद्य उरत नाही. सहसा काही महिन्यांचा कोर्स असतो आणि बऱ्याच जणांना तो एकदाच पुरतो. पण गर्भारपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंगं होतात. म्हणून सुरू करण्याच्या महिनाभर आधीपासून संपल्यावर महिनाभरापर्यंत खात्रीचं गर्भनिरोधन आणि मधे गर्भचाचण्या. औषध चालू असताना आणि संपल्यावर महिनाभर रक्तदानही नाही. यकृताच्या आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या होतात, ओठ फुटतात, मन उदास राहायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. डॉक्सिसायक्लिनबरोबर कधीच नाही, दोन्ही मिळून मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. म्हणूनच हे औषध ओळखीने, चिठ्ठीशिवाय मिळवू नका. मी काउंटरवर नकार देतो तेव्हा लोक रागावतात, तरी देत नाही.

एका गोष्टीपासून मात्र लांबच राहा. कुणीतरी "दोन दिवसांत चेहरा साफ होतो" म्हणून एखादी ट्यूब देईल. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत लाली खरंच जाते, पण काही आठवड्यांनी कातडी पातळ होते आणि ट्यूब थांबवली की चेहरा पहिल्यापेक्षा लाल होऊन पुटकुळ्यांनी भरतो. एक कॉलेजची मुलगी अशीच आली होती. गाल इतके पातळ झालेले की बारीक शिरा दिसत होत्या, आणि ती तीच ट्यूब पुन्हा मागत होती. मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. अशी ट्यूब तुम्ही आधीच वापरत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून सोडा.

कपाळावर, छातीवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ती कधी कधी मुरमं नसतातच, केसांच्या मुळाशी झालेला बुरशीचा त्रास असतो. तो अँटिबायोटिकने वाढतो.

वेळ मिळेपर्यंत गाठी दाबू नका. त्यांना तोंडच नसतं, दाबलं की पू आतल्या आत पसरतो. फारच दुखत असतील तर डॉक्टर गाठीत अगदी थोडं स्टेरॉइड सुईने देऊन ती काही दिवसांत बसवू शकतात. हे तज्ज्ञाच्या हातचं काम आहे, ट्यूबमधल्या स्टेरॉइडशी त्याची गल्लत नको. मागे राहिलेल्या काळपट डागांची फार धास्ती घेऊ नका. ते महिन्यांनी का होईना फिके होतात, रोज एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन लावलं तर लवकर. खड्डे तसे भरत नाहीत.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्धवट सोडलेल्याही. इतर कशासाठी गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं, गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा, आणि गाठी सर्वांत वाईट होत्या त्या दिवसाचा फोटो. पुढच्या वर्षभरात मूल हवं असेल तर ते सगळ्यात आधी सांगा, त्यावर अर्धी औषधं ठरतात. आणि त्या दिवशी चेहऱ्याला काहीही लावून जाऊ नका. डॉक्टरांना त्या गाठींवरून बोट फिरवून बघता आलं पाहिजे.