सही केलेला कोरा चेक आणि उरलेले १९ दिवस

प्रश्न : मॅडम, मी सांगली जिल्ह्यातला. टेक्सासमध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये एमएस केलं. ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर मिळणारी तात्पुरत्या कामाची परवानगी) सुरू होऊन आज ७१ दिवस झाले, अजून नोकरी नाही. चारशेच्या वर अर्ज केले. एका कन्सल्टन्सीने सांगितलं, 'आम्ही ऑफर लेटर देतो, सरकारी पोर्टलवर मालक म्हणून आमचं नाव टाक, म्हणजे बेरोजगारीच्या दिवसांची मोजणी थांबेल. प्रोजेक्ट लागेपर्यंत पगार नाही.' माझा रेझ्युमे त्यांनीच बनवला. त्यात पाच वर्षांचा अनुभव लिहिलाय, जो मला नाही. मी दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे. मध्येच सोडलं तर १५ हजार डॉलर दंड. हमी म्हणून त्यांच्या हैदराबादच्या शाखेने बाबांकडून सही केलेला कोरा चेक घेतला. शैक्षणिक कर्ज ३८ लाखांचं, त्यासाठी घर बँकेकडे तारण आहे. पोर्टलवर मी अजून नाव टाकलेलं नाही, पण ते रोज फोन करतात. टाकू का? नाही टाकलं तर बाबांवर केस होईल का? करार, रेझ्युमे आणि चेकचा फोटो सोबत पाठवतो आहे.

उत्तर : टाकू नका. आज रात्री पुन्हा फोन आला तरी टाकू नका. चेकचा बंदोबस्त इथून करता येतो, तो कसा ते पुढे सांगतेच. पोर्टलवर एकदा ते नाव गेलं, की मात्र निस्तरणं फार अवघड होऊन बसतं.

आधी दिवसांचं बघू. ओपीटीच्या पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवस बेरोजगार राहण्याची मुभा असते. त्यात शनिवार-रविवार धरले जातात, आणि नोकरी नसताना भारतात येऊन गेलात तर तेही दिवस धरले जातात. तुमचे ७१ गेले, १९ उरले. ही मोजणी थांबते ती काम केल्याने : तुमच्या पदवीशी संबंधित काम, आठवड्याला किमान २० तास. ऑफर लेटर हातात आहे, पण काम नाही आणि पगारही नाही, अशा माणसाला कायदा बेरोजगारच समजतो. कन्सल्टन्सी सांगते तशी मोजणी फक्त संगणकाच्या पडद्यावर थांबेल. प्रत्यक्षात तुमचे दिवस जातच राहतील, आणि वर एक खोटं विधान तुमच्या नावावर जमा होईल.

ते विधान तुम्ही कन्सल्टन्सीला देत नाही आहात, अमेरिकेच्या सरकारला देणार आहात, हे नीट लक्षात घ्या. पोर्टलवरची नोंद सेविसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीत जाते. सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा तिथला फौजदारी गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून जास्त वेळा भोवते ती दुसरी तरतूद : व्हिसा किंवा इमिग्रेशनचा कुठलाही लाभ मिळवण्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत मुद्दाम खोटं बोललं, असं एकदा ठरलं की अमेरिकेचं दार आयुष्यभरासाठी बंद होतं. सूट मागता येते, पण ती मिळणं मुश्कील. आणि हे उघडकीला लगेच येत नाही. तीन-चार वर्षांनी एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाचा अर्ज जातो, तेव्हा अधिकारी विचारतात, 'ओपीटीच्या काळातल्या पगाराच्या पावत्या दाखवा, काम कुठे केलं ते दाखवा.' तोवर कन्सल्टन्सीने नाव बदललेलं असतं आणि उत्तर द्यायला तुम्ही एकटे उरता. 'पावत्या हव्या असतील तर तू पैसे भर, आम्ही पेरोल चालवून दाखवतो,' असं कुणी सुचवलं तर त्यालाही नकार द्या. त्यात कराचे खोटे कागद तयार होतात, म्हणजे एकाचे दोन गुन्हे.

आता रेझ्युमे. मी तो तुमच्या पदवीच्या तारखांशी ताडून पाहिला. जून २०१९ पासून तुम्ही बंगळूरच्या एका कंपनीत 'सीनियर डेव्हलपर' होतात, असं त्यात लिहिलं आहे. त्या जूनमध्ये तुम्ही इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपवून दुसऱ्या वर्षात जात होतात. तुमची गुणपत्रिका विद्यापीठाकडे आहे, आणि स्टुडंट व्हिसाच्या अर्जात शिक्षणाचा सगळा इतिहास तुम्ही स्वतःच भरून दिलेला आहे. हे दोन कागद एकाच टेबलावर यायला काही फार मोठा तपास लागत नाही. कन्सल्टन्सीला आजच ईमेल करा : हा रेझ्युमे मी तयार केलेला नाही, त्यातली माहिती चुकीची आहे, माझ्या नावाने तो कुठेही पाठवू नये, पाठवला असेल तर मागे घ्यावा. फोनवर बोलू नका, लिहा. पासपोर्ट आणि सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्याकडे गेलेला असेल, तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांकडे तुमचं क्रेडिट गोठवून घ्या, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येणार नाही. ते फुकट होतं.

उरलेल्या १९ दिवसांत काय करता येईल? एक सरळ, कायदेशीर वाट आहे, आणि दुर्दैवाने फार थोडी मुलं ती वापरतात. पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत बिनपगारी काम चालतं. ते खरं हवं, पदवीशी संबंधित हवं आणि आठवड्याला २० तास तरी हवं. ज्यांच्याकडे तुम्ही प्रकल्प केलात त्या प्राध्यापकांना विचारा, विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत विचारा, एखाद्या धर्मादाय संस्थेला डेटाबेस सांभाळायला माणूस हवा आहे का ते विचारा. धंदा करणाऱ्या कंपनीत मात्र फुकट राबू नका. जे काम तिथे इतरांना पगार देऊन करवून घेतात ते तुम्ही बिनपगारी केलंत, तर तिथल्या कामगार कायद्याचा प्रश्न उभा राहतो. काम मिळालं की संस्थेच्या लेटरहेडवर पत्र घ्या : कोणाच्या हाताखाली, कोणतं काम, किती तास, पदवीशी संबंध काय. १० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंद करा. तासांची वही ठेवा, दर आठवड्याला वरिष्ठांची सही घ्या. गेलेले ७१ दिवस परत मिळत नाहीत, पण पुढची मोजणी थांबते आणि पगारी नोकरी शोधायला श्वास मिळतो. पुढे स्टेमची (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित या विषयांच्या पदवीधरांना असलेली) २४ महिन्यांची मुदतवाढ मिळाली तर बेरोजगारीचे आणखी ६० दिवस मिळतात. मात्र तिथे बिनपगारी काम चालत नाही, मालक ई-व्हेरिफायमध्ये (कामाची परवानगी तपासण्याच्या सरकारी यंत्रणेत) नोंदवलेला लागतो आणि आय-९८३ या प्रशिक्षणाच्या आराखड्याच्या फॉर्मवर सही करणाऱ्या मालकाने प्रशिक्षण स्वतः द्यावं लागतं. फोनवर भेटलेल्या कन्सल्टन्सीला ते जमेल असं मला करारावरून अजिबात वाटत नाही.

दुसरी वाट म्हणजे ९० दिवस भरायच्या आत दुसऱ्या अभ्यासक्रमाला सेविस नोंद हलवणं. खिसा बघता तुम्हाला ती सुचवायला माझं मन घेत नाही. आणि तिसरी, परत येणं. ९० दिवस उलटायच्या आत डीएसओंना (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकाऱ्यांना) कळवून निघालात, तर तुमच्या नोंदीवर डाग नाही. ९० दिवस उलटून गेल्यावर 'ओपीटीनंतरचे ६० दिवस मिळतातच की' असं मित्र म्हणतील. ते ६० दिवस ओपीटी नीट पार पाडलेल्यांसाठी असतात, त्यावर विसंबू नका. परत येणं हा काही गुन्हा नाही. पुढे कधी व्हिसाच्या खिडकीशी उभं राहिलात तर 'नोकरी मिळाली नाही, म्हणून परत गेलो' हे खरं उत्तर तिथे मान वर करून देता येतं.

परत येण्याच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो तो कर्जामुळे, हे मला कळतं. घर तारण असलेल्या मुलांची पत्रं मला बरीच येतात. बाबांना हे शांतपणे सांगा : एक हप्ता चुकला म्हणून घर जात नाही. थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे बुडीत होतं, त्यानंतर बँकेला तारण वसुलीच्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, त्या नोटिशीला हरकत घेता येते आणि बँकेला उत्तर द्यावंच लागतं. पण तिथवर जाऊच देऊ नका. हप्ता चुकायच्या आधी, चुकल्यावर नव्हे, शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या की नोकरी लागलेली नाही, मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. खातं एनपीए व्हायच्या आधी आलेल्या माणसाशी बँक वेगळ्या सुरात बोलते.

आता करार. 'मध्येच सोडलं तर दंड' असा नोकरीचा बाँड म्हणजे रद्दच, असा समज सगळीकडे आहे, तो चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्येच एका बँकेचा २ लाखांचा सेवा-बाँड वैध ठरवला. तेव्हा त्या एका मुद्द्यावर मी विसंबणार नाही. तुमच्या बाजूने जे आहे ते कराराच्या सातव्या कलमात आहे, आणि ते मी तीनदा वाचलं. त्यात लिहिलं आहे की 'कंपनीने तयार केलेल्या रेझ्युमेत कर्मचारी कोणताही बदल करणार नाही आणि मुलाखतीत त्याच्याशी विसंगत काही बोलणार नाही.' म्हणजे खोटं बोलणं ही कराराची अट आहे, आणि ती त्यांनी स्वतः, त्यांच्या लेटरहेडवर लिहून दिली आहे. आपल्या करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ज्या कराराचा हेतू फसवणुकीचा असतो तो बेकायदा, म्हणून निरर्थक. असा करार मोडल्याचा दंड आमचे न्यायालय वसूल करून देणार नाही. आणि करार टिकला असं क्षणभर धरलं, तरी कलम ७४ प्रमाणे लिहिलेला आकडा जसाच्या तसा मिळत नाही, वाजवी तेवढीच भरपाई मिळते. ज्यांनी पगाराचा एक डॉलर दिला नाही त्यांची भरपाई किती होणार? करारात अमेरिकेतल्या न्यायालयाचाही उल्लेख आहे. त्या भागासाठी तिथला सनदी इमिग्रेशन वकील गाठा. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना कायद्याची मदत फुकट किंवा नाममात्र फीत मिळते. एक सावधगिरी : डीएसओ भले असतात, पण ते तुमचे वकील नाहीत, सरकारला कळवणं हे त्यांचं कामच आहे. त्या रेझ्युमेवर मुलाखत दिलेली असेल, किंवा मला लिहिलं नाही असं काही झालेलं असेल, तर आधी वकिलाशी बोला, मग डीएसओंशी.

राहिला चेक. तुमच्या बाबांची सही मराठीत आहे, बाकी तिन्ही जागा कोऱ्या : नाव, रक्कम, तारीख. 'रक्कम मी लिहिलीच नाही, मग केस कशी होईल?' असं ते म्हणतील. होऊ शकते. सही करून कोरा चेक स्वखुशीने दिला, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. चेक न वटल्याच्या गुन्ह्यासाठी चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पण गुन्हा घडतो तो कायद्याने वसूल करता येण्याजोगं देणं असेल तरच, आणि इथे देणं एका निरर्थक करारातून आलेलं आहे. कायद्याचं गृहीतक खोडून काढायला आपल्याला त्यांचाच कागद पुरेल, करारातलं ते सातवं कलम.

आणखी एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेकची फिर्याद सहसा जिथे चेक घेणाऱ्याचं खातं आहे तिथे दाखल होते. म्हणजे हैदराबादला. खटला आपण जिंकू असं मला वाटतं, पण साठी ओलांडलेल्या माणसाला तारखांना तिकडे जावं लागणं ही शिक्षा वेगळी. ती टाळायची तर चेक बँकेत पडायच्या आधी हालचाल करायला हवी.

या सोमवारी बाबांनी दोन कामं करायची. कन्सल्टन्सीला स्पीड पोस्टने पत्र, शक्यतो वकिलामार्फत : करार फसवणुकीच्या अटीवर उभा असल्याने आम्हाला बंधनकारक नाही, कोणतंही देणं नाही, चेक परत करा, वापरल्यास फसवणुकीची फिर्याद देऊ. तेच ईमेलने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. पत्राची प्रत घेऊन मग बँकेत जायचं आणि 'स्टॉप पेमेंट'चा अर्ज द्यायचा, त्यात कारण नेमकं लिहायचं. नुसतं पेमेंट थांबवल्याने केस टळत नाही, म्हणूनच पत्र आधी. एवढं करूनही चेक टाकला आणि तो परत आला, तर ३० दिवसांच्या आत त्यांची नोटीस येईल. पोस्टमनला ती परत पाठवायची नाही. नाकारलेली नोटीसही मिळालेलीच धरली जाते. १५ दिवसांच्या आत वकिलाकडून उत्तर गेलं पाहिजे.

तुमचे आणि बाबांचे, दोघांचेही फोन बदलू नका, विकू नका. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ संदेश फोनमध्येच राहू द्या. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडून ते न्यायालयात दाखवावे लागतात, आणि ज्या फोनवर आले तो फोन हाताशी असला की काम सोपं होतं.

चेकबुकातली नोंद भरायची राहून गेली म्हणून नंबर माहीत नाही, असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत चेकच्या तळाशी, पांढऱ्या पट्टीवर डावीकडचे पहिले सहा अंक स्पष्ट दिसतात. तोच चेकचा नंबर. बँकेच्या अर्जात तो लिहायला बाबांना सांगा.