मिनी लेथच्या (धातू कातायच्या छोट्या यंत्राच्या) चकचे जॉ, म्हणजे काम पकडून ठेवणारे जबडे, आणि नटबोल्ट पावसाळ्यात गंजतात. घरच्या घरी साफ कसे करावेत आणि पुन्हा गंजू नयेत म्हणून काय लावावं?

आधी रॉकेल किंवा डिझेलमध्ये ब्रशने घासून चिकटा काढा, मग सायट्रिक ॲसिडने (वाण्याकडचं लिंबूसत्त्व) गंज उतरवा आणि सुकवून लगेच तेल लावा. हा क्रम मोडू नका, कारण तेलकट भागावर ॲसिड लागतच नाही. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व पुरतं. भाग त्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून बघा. रात्रभर विसरलात तर चांगलं लोखंडही खाल्लं जातं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा आणि हेअर ड्रायरने गरम होईपर्यंत सुकवा. इथे आळस केला तर दहा मिनिटांत नवा तांबूस गंज दिसतो. भाग कोमट असतानाच तेल लावा, म्हणजे फटींत उतरतं.

रोजच्या वापरातल्या भागांना ६८ ग्रेडचं (दाटपणाचा आकडा) स्लाइडवे तेल, म्हणजे यंत्राच्या सरकत्या भागांचं तेल. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्यांना ग्रीसचा पातळ हात देऊन बंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे पाणी हटवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ. कोकणातल्या पावसात त्यावर विसंबू नका.

स्प्रिंग आणि कडक केलेलं पोलाद मात्र ॲसिडमध्ये टाकू नका, ते ठिसूळ होऊन तडकू शकतं. चकचे जॉ बहुधा कडक केलेलेच असतात, म्हणून ॲसिड साध्या नटबोल्टांपुरतंच ठेवा. अशा भागांना तेल आणि बारीक स्टील वूल (पोलादी तारांचा मऊ चोथा) वापरा. संडास साफ करायचं ॲसिड तर वर्कशॉपमध्ये आणूच नका, त्याच्या वाफेनेच शेजारचा लेथ गंजतो.