तुळस तिसऱ्यांदा वाळली, आता काय करू?

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं तुळशीचीच आहेत, त्यामुळे सुरुवात तिथूनच.

प्रश्न: ताई, वर्षभरात तिसरी तुळस गेली. नर्सरीतून आणते तेव्हा छान हिरवीगार असते, महिनाभरात पानं पिवळी पडून गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. रोज न चुकता पाणी घालतो. सासूबाई म्हणतात घरात काहीतरी दोष आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: दोष घरात नाही हो, तांब्यात आहे. तुम्ही 'पाणी घालतो' लिहिलंय ना, तिथेच मला शंका आली, म्हणजे घरात कोण कोण घालतं? आमच्याकडे आई पूजा झाली की एक तांब्या ओतायची, काकू अंघोळ करून आली की दुसरा, आणि संध्याकाळी दिवा लावताना वरची माती कोरडी दिसली म्हणून मी अजून थोडं. तुळस बिचारी बुडून मेली आणि आम्ही वर्षभर नर्सरीवाल्याला नावं ठेवली.

सारखी ओली माती असली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड वरून तहानलेलं दिसतं, मग आपण अजून पाणी घालतो! त्यामुळे आधी बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा, आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. पूजेचं काय, तर तांब्याऐवजी पळीभर घाला, सासूबाईंचाही मान राहतो. कुंडीचं भोक उघडं आहे ना तेही बघा, कारण ते लाल मातीने बुजतं, भोकावर खापरीचा तुकडा ठेवायचा. नुसती लाल माती वाळली की विटेसारखी घट्ट होते, म्हणून निम्मी माती आणि उरलेल्यात कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण करा. आणि मंजिऱ्या खुडत जा, झाड बी धरायला लागलं की नवी पानं कमी येतात. वाळलेल्या मंजिऱ्या चुरून दुसऱ्या कुंडीत टाकून ठेवा, रोपं फुकट येतात.

प्रश्न: जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस जमलाय, कळ्या न उमलताच गळतात. आणि झाडभर मुंग्या. मुंग्यांची पावडर टाकली पण काही फरक नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर: तो पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. तो झाडाचा रस शोषतो आणि गोड चिकट द्रव सोडतो, मुंग्या त्यासाठीच येतात, आणि बदल्यात त्याची राखणही करतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेऊनही सोडतात. म्हणून नुसत्या मुंग्या मारून भागत नाही. जास्त बरबटलेले शेंडे कापा आणि पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. उरलेला कापूस जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, कंटाळवाणं काम आहे पण निम्मी लढाई इथेच होते. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल. ते तसं पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, म्हणून आधी त्यात भांड्याच्या लिक्विडचे चारपाच थेंब घालून घोटायचं. फवारणी संध्याकाळीच, उन्हात मारली तर पानं करपतात. पानांच्या मागच्या बाजूलाही मारा, आणि सात-आठ दिवसांनी परत, असं तीनदा तरी, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. बहुतेक लोक एकदा मारून 'काही उपयोग नाही' म्हणतात.

प्रश्न: कढीपत्त्याला ताक घालतात ते खरं का? आणि पानं कोणीतरी कुरतडतंय. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ताक घालतात, पण बिनमिठाचं, चार-पाच पट पाणी घालून आणि महिन्यातून एखाद वेळा. कालचं उरलेलं मसाला ताक कुंडीत ओतू नका, मीठ मुळांना मारक. कुरतडणारी अळी बहुतेक लिंबावरच्या फुलपाखराची असणार, लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली की डोक्यामागून केशरी शिंगं काढते आणि घाण वास सोडते, मुलांना दाखवा, धमाल येते. दोन-चार असतील तर मी तरी राहू देते, झाड लहान असेल तर उचलून बाजूला करा. आणि फोडणीसाठी सुटी पानं ओरबाडू नका, शेंडा कापा, तिथून दोन फुटवे येतात.

प्रश्न: मोगरा नुसता पानांनी भरलाय, दोन वर्षांत चार फुलं. युरियाही घालते. (एक वाचक, पुणे)

उत्तर: युरिया आजपासून बंद, त्याने पानंच वाढतात. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर कुंडी हलवा, गॅलरीत जागा नसेल तर सोसायटीच्या गच्चीवर. जानेवारीच्या शेवटी फांद्या एक तृतीयांश छाटा, पानं काढा, आठवडाभर पाणी कमी करा, मग शेणखत देऊन नेहमीसारखं पाणी सुरू करा. नव्या फुटीवरच कळ्या येतात. आता छाटायची वेळ गेली असेल तर निदान फुलं येऊन गेलेले शेंडे तरी खुडा.