नकाराची नोंद : अमेरिकेतील भाड्याच्या घराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवराबायको आणि दोन लहान मुले असे चौघेजण आहोत. दोन बेडरूमच्या एका अपार्टमेंटसाठी फोन केला तेव्हा जागा रिकामी असल्याचे सांगितले. मुलांना घेऊन पाहायला गेलो, तर मॅनेजर म्हणाला, "वरच्या मजल्यावर मुले असलेल्यांना आम्ही देत नाही, आणि तुमची मंडळी पलीकडच्या कॉम्प्लेक्समध्ये जास्त आहेत, तिथे तुम्हाला बरे वाटेल." जाहिरात अजून तशीच आहे. ही मालकाची मर्जी समजून आम्ही गप्प बसावे का?

उत्तर : गप्प बसू नये. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, 11 एप्रिल 1968 रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट लागू झाला. वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून घर नाकारण्यास त्याने बंदी घातली. 1974 मध्ये त्यात लिंगाची आणि 1988 मध्ये अपंगत्वाची व अठरा वर्षांखालील मुले असलेल्या कुटुंबांची भर पडली. तुमच्या मॅनेजरने एका दमात दोन गोष्टी केल्या. मुले आहेत म्हणून वरचा मजला नाकारणे हा कुटुंबस्थितीवरून केलेला भेदभाव आहे, आणि 'तुमची मंडळी तिकडे आहेत' असे म्हणून तुम्हाला दुसरीकडे वळवणे हा मूळ देशावरून केलेला भेदभाव आहे. हे वळवणे बहुधा आपुलकीच्या सुरात केले जाते, म्हणून अनेकांना तो सल्लाच वाटतो. पण कोणी कुठे राहावे हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने मॅनेजरला दिलेला नाही. जागा चौघांना अपुरी पडेल ही सबबही येथे चालण्यासारखी नाही, कारण एका बेडरूममागे दोन माणसे हे प्रमाण संघराज्याचा गृहनिर्माण विभाग, म्हणजे हड, सर्वसाधारणपणे वाजवी मानतो.

मालकाला काहीच विचारता येत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. उत्पन्नाचा पुरावा, क्रेडिट अहवाल, आधीच्या घरमालकाचे पत्र हे सारे तो मागू शकतो; मात्र जे तुमच्याकडे मागितले ते इतरांकडेही मागितलेले असले पाहिजे. ज्येष्ठांसाठी राखीव असलेल्या संकुलांना मुलांबाबतच्या नियमातून सूट आहे. शिवाय चारपर्यंत घरे असलेल्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल, तर संघराज्याच्या कायद्यातील बऱ्याच तरतुदी त्याला लागू होत नाहीत. तरीही भेदभाव करणारी जाहिरात देण्याची किंवा तसे बोलून दाखवण्याची मुभा त्यालाही नाही, आणि वंशावरून नकार देण्यास तर 1866 च्या नागरी हक्क कायद्याने आधीपासूनच मनाई आहे. मॅनेजर नेमलेल्या मोठ्या कॉम्प्लेक्सला यातली मालकाची पळवाट मुळीच उपलब्ध नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. आजच बसून तारीख, वेळ, मॅनेजरचे नाव आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून काढा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या. फोन केल्याची नोंद आणि आलेले मेसेज पुसू नका. अशा प्रकरणांत तोंडी बोललेले नाकारले जाते, तेव्हा त्याच दिवशी केलेल्या टिपणाचे वजन फार असते. त्यानंतर तुमच्या भागातील फेअर हाउसिंगचे काम करणाऱ्या संस्थेला लगेच गाठा, कारण जागा रिकामी आहे तोवरच पडताळणी करता येते. अशा संस्था उत्पन्न आणि गरज सारखीच असलेली, पण वेगळ्या पार्श्वभूमीची दोन माणसे त्याच जागेची चौकशी करायला पाठवतात आणि दोघांना मिळालेली उत्तरे ताडून पाहतात. व्हर्जिनियातील रिचमंडजवळच्या एका संकुलात कृष्णवर्णीय पडताळणीदार स्त्रीला जागा नसल्याचे सांगण्यात आले आणि गोऱ्या पडताळणीदाराला मात्र जागा असल्याचे. तिला घर भाड्याने घ्यायचेच नव्हते, तरी खोटी माहिती मिळाल्यामुळे तिला दावा करण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये हॅवन्स रिअल्टी खटल्यात ठरवले.

हडकडे तक्रार करण्याची मुदत एक वर्षाची आहे. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. न्यायालयात जाण्यासाठी दोन वर्षे मिळतात. न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाकडे जायचे असेल, तर मात्र 180 दिवसांच्या आत जावे लागते.

प्रश्न : डॅलसमध्ये मी स्वयंसेवक म्हणून काम करते. दोन मुलांची आई असलेल्या एका विधवेला सरकारी भाडे-व्हाउचर, म्हणजे भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याची हमी, मिळाले आहे, पण जाईल तिथे 'व्हाउचर घेत नाही' असेच उत्तर मिळते. सिटी कौन्सिलकडून याविरुद्ध नियम करून घेता येईल का?

उत्तर : टेक्सासमध्ये ही वाट जवळजवळ बंद आहे, हे सांगताना वाईट वाटते. उत्पन्नाचा स्रोत, म्हणजे भाडे व्हाउचरमधून येते की पगारातून, यावरून नकार देण्यास मनाई करणारा आधार फेअर हाउसिंग अ‍ॅक्टमध्ये नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय अशा राज्यांनी आपापल्या कायद्यांत तो घातला. ऑस्टिन शहरानेही 2014 मध्ये तसा नियम केला होता; पण पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने शहरांना असे नियम करण्यास मनाई केली. माजी सैनिकांना संरक्षण देणारा नियम आणि मालकांना स्वखुशीने सामील करून घेणाऱ्या योजना एवढ्याच गोष्टींना त्यात वाव आहे. ज्यांच्या हाती गरिबांच्या घराची किल्ली आहे त्यांनाच नकाराचे स्वातंत्र्य बहाल करणारा हा कायदा मला अन्यायाचा वाटतो.

तरी त्या बाईंसाठी दोन गोष्टी लगेच करता येतील. व्हाउचरवर घर शोधायला किमान साठ दिवस मिळतात, आणि मुदत संपण्यापूर्वी हाउसिंग अथॉरिटीकडे, म्हणजे व्हाउचर देणाऱ्या स्थानिक संस्थेकडे, वाढीव मुदतीचा लेखी अर्ज करता येतो. दुसरे असे, की डॅलस परिसरात 2011 पासून व्हाउचरच्या भाड्याची मर्यादा संपूर्ण महानगरासाठी एकच न धरता पिनकोडनिहाय ठरवली जाते. त्यामुळे चांगल्या शाळा असलेल्या महागड्या भागात व्हाउचरची रक्कमही वाढते. त्या भागातला आकडा विचारून मगच शोध घ्यावा. ही सोय आपोआप आलेली नाही. डॅलसमधल्याच 'इन्क्लुझिव्ह कम्युनिटीज प्रोजेक्ट' या संस्थेने केलेल्या दाव्यातील तडजोडीतून ती मिळाली. याच संस्थेच्या दुसऱ्या खटल्यात, हेतू सिद्ध झाला नाही तरी धोरणाचा परिणाम भेदभावाचा असेल तर त्याला आव्हान देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये मान्य केले. पुढे खालच्या न्यायालयात तो दावा टिकला नाही, परंतु तत्त्व देशभर टिकले.

सिटी कौन्सिलकडे जायचेच असेल, तर परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पाला पाठिंबा देणारा ठराव चर्चेला येतो त्या दिवशी जा. करसवलतीवर उभ्या राहणाऱ्या अशा प्रकल्पांना टेक्सासमध्ये निवडीच्या वेळी स्थानिक ठरावाचे गुण मिळतात. विरोध करणारे शेजारी सुनावणीला झाडून हजर राहतात. ज्यांना घर हवे असते ते त्या वेळी कामावर असतात. त्यांच्या बाजूने बोलणारी चार माणसे सभागृहात असणे ही लहान गोष्ट नाही. अशी माणसे काय करू शकतात ते पाहा : शिकागोच्या ऑस्टिन वस्तीतल्या गेल सिन्कोटा आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी, आपल्या भागातून ठेवी घेणाऱ्या बँका तिथेच कर्ज का देत नाहीत, हा प्रश्न लावून धरला. त्या चळवळीच्या रेट्यातून 1975 मध्ये बँकांना गृहकर्जांची माहिती उघड करावी लागली आणि 1977 मध्ये, ठेवी घेतल्या त्या भागाच्या कर्जाच्या गरजाही बँकांनी भागवाव्यात असे सांगणारा कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट अ‍ॅक्ट आला.

प्रश्न : आम्ही व्हिसावर आहोत. तक्रार केली आणि मालकाने लीज वाढवून दिले नाही तर?

उत्तर : फेअर हाउसिंगच्या कायद्याचे संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही. तक्रार केली म्हणून धमकावणे, त्रास देणे किंवा घर काढून घेणे हे स्वतंत्र उल्लंघन आहे, मग मूळ तक्रारीचा निकाल काहीही लागो. म्हणून तक्रारीनंतर मालकाशी होणारा सगळा व्यवहार ईमेलने करा, भाडे वेळेवर भरून त्याच्या पावत्या ठेवा, आणि नोटीस हाती पडली तर तिच्यावरील तारखेसह ती, जिथे तक्रार केली त्या संस्थेला किंवा विभागाला, त्याच दिवशी पाठवा.