मल्टिमीटरवर ३.९ ओहम दिसते, मग हा सबवूफर किती ओहमचा समजावा?

आपल्या दहा इंची सबवूफरवर लेबल नाही, मल्टिमीटर ३.९ ओहम दाखवतो आणि तो ४ ओहमचा की ६ ओहमचा, हे आपल्याला ठरवायचे आहे. माझ्या मते तो ४ ओहमचा आहे, पण त्याआधी मल्टिमीटरच्या दोन्ही वायरींची टोके एकमेकांना टेकवून आकडा पाहावा. स्वस्त मीटरमध्ये तो शून्य नसून ०.३ ते ०.६ ओहम येतो आणि तेवढा आपल्या मोजमापातून वजा करावा लागतो. मी स्वतः एकदा हे केले नाही. मीटरवर ४.५ दिसले म्हणून दोन स्पीकर ६ ओहमचे समजून समांतर जोडले, आणि किमान ३ ओहमचा भार चालणारा अँप्लिफायर थोड्याच वेळात तापून बंद पडला. प्रत्यक्षात ते ४ ओहमचे होते, म्हणजे भार २ ओहमचा झाला होता.

मल्टिमीटर मोजतो तो व्हॉइस कॉईलच्या (स्पीकरचा पडदा हलवणाऱ्या गुंडाळीच्या) तारेचा डीसी रोध, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा विरोध. इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या उलटसुलट (एसी) प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मात्र वारंवारतेनुसार बदलतो: सबवूफरच्या अनुनादाच्या ठिकाणी (ज्या वारंवारतेला पडदा सर्वांत सहज कंप पावतो तिथे), म्हणजे बहुधा २० ते ५० हर्ट्झच्या आसपास, तो कित्येक पटींनी चढतो आणि त्याच्या बराच वर गेल्यावर सर्वांत कमी होतो. लेबलवरचा आकडा म्हणजे या चढउतारासाठी ठरवलेले एक सोयीचे नाव आहे. आयईसी ६०२६८-५ या मानकाप्रमाणे किमान इम्पीडन्स त्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. व्यवहारात ४ ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध साधारणतः ३.२ ते ३.७, ६ ओहमच्याचा ४.५ ते ५.२ आणि ८ ओहमच्याचा ५.५ ते ७ भरतो.

मोजताना स्पीकर अँप्लिफायरपासून पूर्ण सुटा करावा आणि कोनला (पुढच्या पडद्याला) हात लावू नये, कारण कोन हलला की कॉईल स्वतःच व्होल्टेज निर्माण करते आणि आकडा नाचू लागतो. स्पीकर नुकताच वाजवलेला असेल तर थंड होऊ द्यावा. तापलेल्या तांब्याचा रोध वाढलेला असतो. मागे चार टर्मिनल असतील तर कॉईल दोन आहेत, त्यामुळे प्रत्येक स्वतंत्र मोजावी; ४ ओहमच्या दोन कॉईल एकसर जोडल्या तर ८, समांतर जोडल्या तर २ ओहम होतात.

तरीही शंका उरली तर १० ओहम, ५ वॅटचा रोधक स्पीकरशी एकसर जोडून मोबाईलवरून हळू आवाजात ५० ते २०० हर्ट्झचा शुद्ध सूर अँप्लिफायरमार्फत द्यावा आणि दोन्हींवरचे एसी व्होल्टेज मोजावे. स्पीकरवरच्या व्होल्टेजला रोधकावरच्या व्होल्टेजने भागून १० ने गुणले की त्या वारंवारतेचा इम्पीडन्स मिळतो. सर्वांत लहान उत्तर ४ च्या आसपास आले तर ६ ओहमची शक्यता सोडून द्यावी.