सीपीडीचे तास भरले, पुढे काय?

प्रश्न: मॅडम, मी सहा वर्षं एका सल्लागार फर्ममध्ये अ‍ॅक्चुअरीचं काम करते: पेन्शनची व्हॅल्युएशन्स, म्हणजे पुढे द्यायच्या पेन्शनचं आजचं मोल काढणं. सीपीडीचे (व्यवसायात असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) तास भरायचे म्हणून वेबिनार लावते, आवाज बंद करते आणि दुसऱ्या स्क्रीनवर काम उरकते. तास भरतात, डोक्यात काही उरत नाही. पुढच्या वर्षी कशाचं प्रशिक्षण हवंय, असं आता फर्मनंच विचारलंय. पेन्शनमध्येच आणखी खोल जाऊ, की जनरल इन्शुरन्स, हेल्थ असं बाहेरचं काही शिकू?

उत्तर: आवाज बंद करून वेबिनार ‘ऐकण्या’चा गुन्हा मीही केलाय, तेव्हा त्यावर बोलायचा मला हक्क नाही. बाहेरचं शिका. मात्र तिथली सूत्रं पाठ करत बसू नका. तिथली माणसं समोर आलेल्या आकड्याला पहिला प्रश्न कोणता विचारतात, तेवढा उचलून आणा.

आपल्या पेन्शनवाल्यांची एक खोड आहे. सभासदांची यादी येते, आपण जन्मतारखा आणि पगार तपासतो, चार चुका दुरुस्त करून घेतो आणि मग यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आपली सगळी अनिश्चितता पुढच्या ४० वर्षांत, झालेलं ते झालं. जनरलमध्ये झालेलंसुद्धा नीट झालेलं नसतं. अपघात होऊन तीन वर्षं उलटली तरी तो कितीला पडला हे कोणाला ठाऊक नसतं.

हे मला फजिती होऊन कळलं. पेन्शनमधून नुकतीच बदलून आले होते आणि एका विमा कंपनीच्या वाहन विम्याचे रिझर्व्ह, म्हणजे झालेल्या अपघातांवर अजून द्यायच्या पैशांची तरतूद, काढायचं काम माझ्याकडे आलं. क्लेमचा त्रिकोण समोर होता, म्हणजे कोणत्या वर्षीच्या अपघातांवर कितव्या वर्षापर्यंत किती दिले याचा तक्ता. आकडे सोपे करून सांगते. दर वर्षीच्या अपघातांवर पहिल्या वर्षात साधारण ४०० दिले जायचे आणि सगळं मिटेपर्यंत ती रक्कम ८०० व्हायची. म्हणजे गुणक २. शेवटच्या ओळीत, म्हणजे सगळ्यात ताज्या वर्षाला, मात्र ५२० होते. मी चेन लॅडर, म्हणजे जुन्या वर्षांचा गुणक नव्या वर्षाला लावायची पद्धत, लावली, ५२० ला २ ने गुणलं, १,०४० आले. ‘क्लेमचा अनुभव बिघडत आहे’ असं वाक्य रिपोर्टात घातलं. वाक्य ऐटदार होतं.

मीटिंगमध्ये क्लेम विभागाच्या प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आम्ही यंदा माणसं वाढवली आणि तुंबलेल्या फायली काढल्या. अपघात तेवढेच आहेत, पैसे लवकर गेले.” झालं. पैसे देण्याचा वेग दर वर्षी सारखाच राहतो, हे चेन लॅडरमधलं न लिहिलेलं गृहीतक. ते मला परीक्षेपुरतं पाठ होतं, पण क्लेम विभागाला फोन करायचं सुचलं नाही. फोनही लांबच राहिला. किती क्लेम आले आणि किती बंद झाले एवढे दोन आकडे मागवले असते तरी पुरलं असतं. आलेले तेवढेच, बंद झालेले एकदम वाढलेले. उरलेली रक्कम आधीच्या अपेक्षेवरून धरणारी बॉर्नह्यूटर आणि फर्ग्युसन यांची १९७२ ची पद्धत वापरली असती तर दिलेल्या ५२० मध्ये अपेक्षित उरलेले ४०० मिळवून ९२० आले असते. अपघात तेवढेच, म्हणजे खरं उत्तर ८०० च. तेव्हा तेही चूकच, पण माझ्या चुकीच्या निम्मी.

यानंतर पेन्शनच्या कामात काय बदललं ते सांगते, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. पुढे एका योजनेत नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण अचानक घटलेलं दिसलं. आधीची मी असते तर गृहीतक खाली आणून मोकळी झाले असते. या वेळी विचारलं, सोडून गेलेल्यांची नोंद कोण करतं आणि कधी? नोंदणीची प्रणाली बदलली होती आणि आठ महिन्यांच्या नोंदी चढवायच्या राहिल्या होत्या. माणसं जात होतीच, यादीतून जात नव्हती.

हेल्थमधून एक उदाहरण कागदावर स्वतः करून बघा. उपचाराचा खर्च १०० आणि त्यातले पहिले २० विमेदाराने भरायचे, म्हणजे विमा कंपनीवर ८०. खर्च १० टक्के वाढला, ११० झाला. विमेदाराचे २० तसेच, कंपनीवर ९०. खर्चवाढ १० टक्के, कंपनीची वाढ साडेबारा. हेल्थमधल्या माणसाच्या हे रक्तात भिनलेलं असतं. निवृत्तांच्या आरोग्य योजनांची व्हॅल्युएशन्स पेन्शनवालेच बऱ्याचदा करतात आणि खर्चवाढीचा दर सरळ योजनेच्या वाट्याला लावून टाकतात.

आता याच चष्म्यातून आपली तूट बघा. दायित्व १००, मालमत्ता ९५, तूट ५. दायित्वाची ड्युरेशन १५ वर्षं धरा, म्हणजे दर एक टक्का हलला की दायित्व साधारण १५ टक्के उलट हलतं. डिस्काउंट रेट (पुढची देणी आजच्या किमतीत आणायचा दर) एक टक्क्याने उतरला की दायित्व साधारण ११५ वर जातं. मालमत्ता तेवढीच राहिली तर तूट २०. दर एका टक्क्याने हलला आणि क्लायंटच्या पोटात गोळा आणणारा आकडा चौपट झाला. हेल्थमधले ते २० आणि आपले हे ९५, दोन्ही जागचे न हलणारे तुकडे. गणित एकच. इतकी वर्षं मी तुटीचा हा हिशेब मांडत होते, पण क्लायंटला तो सोपा करून सांगायची युक्ती मला हेल्थवाल्या सहकाऱ्याच्या टेबलावर मिळाली.

उलट बाजूनंही देवाणघेवाण होते. आयएफआरएस १७ हे विमा करारांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०२३ पासून लागू झालं, तेव्हा वर्षानुवर्षं रिझर्व्ह डिस्काउंट न करणाऱ्या अनेक जनरलवाल्यांना यील्ड कर्व्हच्या (मुदतीनुसार बदलणाऱ्या व्याजदरांच्या आलेखाच्या) मागे लागावं लागलं. ती आपली रोजची भाजीभाकरी. तेव्हा फर्मकडे कोर्स मागू नका, फाईल मागा. वर्षातून दोन वेळा दुसऱ्या विभागाच्या पिअर रिव्ह्यूत (सहकाऱ्यांनी एकमेकांचं काम तपासण्यात) बसायची परवानगी घ्या आणि तुमच्या फाईलवर त्यांना बसवा. त्याचे तास सीपीडीत धरता येतात का, हे तुमच्या संस्थेच्या नियमांत बघून घ्या. नाही धरले तरी बसा.

प्रश्न: सगळे पायथन शिका म्हणतात. माझं वय ४९, आयुष्य एक्सेलमध्ये गेलं. या वयात हा उद्योग करू का?

उत्तर: लिहिता नाही आलं तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. रिपोर्टवर सही तुमची असते. ज्युनिअरने लिहिलेल्या कोडमध्ये रक्कम वर्षाच्या शेवटी दिली असं धरलंय की मध्यावर, ती ओळ तुम्हाला बोट ठेवून दाखवता यायला हवी. ७ टक्के दराने या एका ओळीपायी उत्तरात सुमारे ३.४ टक्के फरक पडतो. पंधरवडाभर संध्याकाळी एकेक तास दिलात तर वाचण्यापुरतं येतं. वयाचं कारण मला सांगू नका, मी तुमच्याहून मोठी असताना शिकले.

प्रश्न: क्लायंटचे वित्त प्रमुख दर मार्चमध्ये म्हणतात, “डिस्काउंट रेट अर्धा टक्का वर घ्या ना, काय बिघडतं?” अशा वेळी काय बोलायचं याचं प्रशिक्षण मिळतं का?

उत्तर: व्यावसायिक आचाराच्या सत्रांत तत्त्वं मिळतात, तोंडात वाक्य मिळत नाही. वाक्याची तालीमच करावी लागते. आधी हिशेब सांगा: ड्युरेशन १५ असेल तर दर अर्धा टक्का वर म्हणजे दायित्व सात-साडेसात टक्क्यांनी खाली. मग नियम: आयएएस १९ या कर्मचारी लाभांच्या हिशेबाच्या मानकाप्रमाणे दर ताळेबंदाच्या तारखेच्या, योजनेच्या मुदतीशी जुळणाऱ्या, उच्च दर्जाच्या कंपनी रोख्यांच्या परताव्यावरून येतो आणि अशा रोख्यांचा भरपूर उलाढालीचा बाजार नसेल तर सरकारी रोख्यांवरून. त्यात ‘आवड’ नावाचा रकाना नाही. गृहीतकं अखेर कंपनीची असतात हे खरं. पण तुम्हाला न पटलेलं गृहीतक त्यांनी लादलं तर तसं रिपोर्टात लिहावं लागतं, हे अ‍ॅक्चुअरींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं आयसॅप १ हे मानक सांगतं. हे मीटिंगच्या सुरुवातीलाच, हसतमुखाने सांगून टाका. रिपोर्ट हातात पडल्यावर सांगितलं तर ते धमकीसारखं वाटतं.

आमच्याकडे मार्चच्या आधी एक दिवस ही तालीम होते. एकजण अ‍ॅक्चुअरी, दुसरा वित्त प्रमुख, बाकीचे घड्याळ लावून बघत बसतात. वित्त प्रमुखाची भूमिका नेहमी ज्युनिअरला द्यायची, ते जास्त निर्दयपणे करतात. पहिल्या तालमीत मी सात मिनिटांत पाव टक्का सोडला होता.